साडीवरचा सदरा आणि पोतराजाचा घागरा

हळद काढणीच्या दिवसांत वसमत, कळमनुरीकडच्या कुठल्याही शिवारात गेले की एक दृश्य हमखास दिसते. साडीवर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल आणि पदर कमरेला खोचलेला. ऊन लागू नये, अंगाला खाज सुटू नये म्हणून बायका हा शर्ट घालतात. त्या रांगेकडे पाहून कुणी म्हणत नाही की ही बाई पुरुष झाली.

आठवडी बाजाराच्या दिवशी याच भागात कधीतरी पोतराज येतो. मोकळे सोडलेले लांब केस, कपाळभर हळदकुंकू, कमरेला लुगड्याच्या आणि खणाच्या चिंध्यांचा घागरा, पायांत चाळ, हातात कोरडा आणि ओठावर भरघोस मिशी. बरोबर डोक्यावर मरीआईचा देव्हारा घेऊन त्याची बायको असते, कडेवर लेकरू असते. ढोलके तीच वाजवते. पोतराजाच्या घागऱ्याकडे पाहूनही कुणी शंका घेत नाही. लोक पाया पडतात, सुपात धान्य घालतात.

आणि त्याच गावात आठवी-नववीतला एखादा मुलगा जरा लचकत चालला, बोलताना हात हलवू लागला, कबड्डीऐवजी रांगोळीत रमला की महिन्याभरात त्याला नाव पडते. ‘पोरीवानी करतो’ इथून सुरुवात होते आणि पुढचे शब्द छापण्याजोगे नसतात. घरचे आधी हसतात, मग रागावतात, मग कुणी सांगितले म्हणून अंगारा आणतात. मुलीच्या बाबतीत गाडी थोडी उशिरा सुरू होते. केस कापलेली, पँट-शर्टात ट्रॅक्टर चालवणारी मुलगी दहावीपर्यंत कौतुकाची असते. लग्नाचे वय जवळ आले की तीच ‘गड्यावानी’ वागणूक चिंतेचा विषय होते.

शर्ट, घागरा आणि लचक या तिन्ही गोष्टी एकाच खात्यातल्या आहेत. आरोग्यशास्त्रात आणि मानसशास्त्रात त्या खात्याला लिंगभाव अभिव्यक्ती म्हणतात. माणूस कपडे, केस, दागिने, चाल, आवाज, हातवारे, बसण्याची ढब यांतून जो ‘पुरुषीपणा’ किंवा ‘बायकीपणा’ बाहेर दाखवतो, ती त्याची अभिव्यक्ती. गोंधळ होतो तो यावरून माणसाचे बाकी सगळे ओळखता येते असे धरून चालल्यामुळे.

चार वेगळी खाती

पहिले खाते शरीराचे. गुणसूत्रे, संप्रेरके, जननेंद्रिये. बहुतेकांचे शरीर स्पष्टपणे स्त्रीचे किंवा पुरुषाचे असते, काहींचे जन्मतःच दोन्हींच्या मधले असते. त्यांना आंतरलिंगी म्हणतात. दुसरे खाते ओळखीचे, म्हणजे मी बाई आहे, पुरुष आहे की या दोन्हींत न बसणारी व्यक्ती आहे, ही आतली जाणीव. ही जाणीव जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगाशी जुळत नसेल तर त्या व्यक्तीला पारलिंगी म्हटले जाते. तिसरे खाते ओढीचे: प्रेम आणि लैंगिक आकर्षण कुणाबद्दल वाटते, वेगळ्या लिंगाच्या व्यक्तीबद्दल, स्वतःच्याच लिंगाच्या, दोन्हींच्या की कुणाच्याच नाही. चौथे अभिव्यक्तीचे, जे लोकांना दिसते.

यातले चौथे खातेच तेवढे डोळ्यांना दिसते आणि लोक त्यावरून उरलेली तीन वाचायला जातात. चाल पाहून ओढ ठरवली जाते, आवाज ऐकून ओळख ठरवली जाते. हे वाचन चुकते आणि का चुकते याचा अभ्यास गेली पन्नासेक वर्षे चालू आहे.

१९७४ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सँड्रा बेम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक साधी चाचणी तयार केली. तोवर समजूत अशी होती की पुरुषीपणा आणि बायकीपणा ही एकाच दोरीची दोन टोके आहेत. एकीकडे सरकले की दुसरे कमी होणारच. बेम यांनी साठ गुणांची यादी केली. समाज ज्यांना पुरुषी म्हणतो असे वीस, बायकी म्हणतो असे वीस आणि कुठेच न मोडणारे वीस. लोकांना सांगितले, प्रत्येक गुण आपल्याला किती लागू पडतो त्याला एक ते सात गुण द्या. निघाले ते असे की दोन्ही मोजपट्ट्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. एखादा माणूस दोन्हींत वर असतो, एखादा दोन्हींत खाली. कडक हिशेब ठेवणारा आणि लेकराला मांडीवर घेऊन जोजवणारा बाप हा अपवाद नाही, हे आकड्यांत दिसले. या चाचणीवर पुढे पुष्कळ टीका झाली. त्या यादीतले ‘पुरुषी’ गुण म्हणजे त्या काळच्या अमेरिकेच्या समजुती, हा आक्षेप रास्तच आहे. पण एका दोरीची कल्पना जी मोडली ती मोडली.

मेंदूचे काय, हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. तेल अवीव विद्यापीठाच्या दाफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चौदाशेहून अधिक मेंदूंची एमआरआय चित्रे तपासली. स्त्रिया आणि पुरुष यांच्यात सरासरीने सगळ्यात जास्त फरक दाखवणारे मेंदूचे भाग त्यांनी निवडले आणि किती माणसांचे हे सगळेच भाग ‘पुरुषी’ टोकाला किंवा सगळेच ‘बायकी’ टोकाला आहेत ते मोजले. अशी माणसे अगदी थोडी निघाली. उरलेल्यांचा मेंदू आपल्याकडच्या वाकळीसारखा. एक तुकडा आजीच्या लुगड्याचा, एक आजोबांच्या धोतराचा, एक कुणाच्या झबल्याचा. या निष्कर्षावरही वाद झाले. सगळे तुकडे एकत्र घेऊन संगणक मेंदू बाईचा की पुरुषाचा हे बऱ्यापैकी ओळखू शकतो, असे दुसऱ्या संशोधकांनी दाखवले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वाकळ कुणाच्या घरची ते ओळखता येईल, पण म्हणून तिच्यातला प्रत्येक तुकडा एकाच लुगड्याचा ठरत नाही.

चार खाती वेगळी चालतात याचा सगळ्यात बोलका पुरावा एका आजारातून मिळाला. जन्मजात अधिवृक्क ग्रंथींच्या एका विकारात मुलीच्या शरीरात, ती आईच्या पोटात असल्यापासूनच, पुरुष संप्रेरके जास्त तयार होतात. अशा मुली लहानपणी इतर मुलींपेक्षा गाड्या, ठोकळे, दांडगाईचे खेळ जास्त पसंत करतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले. म्हणजे अभिव्यक्तीच्या मुळाशी थोडीफार जीवशास्त्राची माती आहे. पण याच मुली मोठ्या होतात तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य स्वतःला बाईच मानतात. बहुसंख्य पुरुषांकडेच आकर्षित होतात. स्त्रियांबद्दल ओढ वाटणाऱ्यांचे प्रमाण इतर मुलींपेक्षा जास्त असते, तरी त्या अल्पसंख्यच. एकाच संप्रेरकाने खेळणी बदलली, ओढ थोडीशी हलवली आणि ओळख बहुतेकींची होती तिथेच राहिली.

मग ‘असा’ मुलगा मोठेपणी कोण होतो?

आईबापांना खरा प्रश्न हाच असतो आणि त्याची दोन उत्तरे संशोधनात सापडतात. पहिल्या नजरेला ती एकमेकांच्या विरुद्ध वाटतात.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड ग्रीन यांनी बाहुल्यांत रमणाऱ्या, आईची साडी म्हणजे तिकडचा झगा घालून पाहणाऱ्या, मुलींतच खेळणाऱ्या मुलांचा पंधरा वर्षे पाठपुरावा केला आणि १९८७ मध्ये ते प्रसिद्ध केले. शेवटपर्यंत संपर्कात राहिलेल्या ४४ जणांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मोठेपणी समलिंगी किंवा उभयलिंगी आकर्षण असलेले निघाले. लिंगबदलाचा विचार करणारा मात्र एखादाच. म्हणजे ‘बायकी मुलगा हा पुढे बाईच होणार’ ही समजूत तिथेच ढासळली.

दुसरा अभ्यास हार्वर्ड विद्यापीठातला, २०१२ सालचा. त्यात सुमारे ९,००० तरुण-तरुणींना लहानपणच्या आवडीनिवडी, खेळ, वागणे याबद्दल विचारले होते. आपल्या लिंगाच्या ठरीव साच्यापासून सगळ्यात दूर असलेली जी मुले होती, त्यांच्यापैकी सुमारे ८५ टक्के मोठेपणी भिन्नलिंगी आकर्षण असलेलीच होती.

एकीकडे तीन चतुर्थांश समलिंगी, दुसरीकडे ८५ टक्के भिन्नलिंगी. यात खोटे कुणीच नाही. ग्रीन यांच्याकडे आलेली मुले आईबापांनी काळजीने दवाखान्यापर्यंत आणलेली होती, म्हणजे अगदी टोकाची आणि ठळक. हार्वर्डने साध्या घरांतली, कुठल्याच डॉक्टरकडे न गेलेली मुले पाहिली. समलिंगी माणसे समाजात थोडी आहेत आणि साच्याबाहेर वागणारी मुले पुष्कळ आहेत, त्यामुळे साधारण वर्गात रांगोळी काढणाऱ्या मुलांत समलिंगी मुले कमीच सापडणार. उलट बाजूने, कितीतरी समलिंगी पुरुष लहानपणी विटीदांडू खेळत, मारामाऱ्या करत वाढलेले असतात. ते कुणाच्या नजरेत येत नाहीत. आलेली स्थळे टाळता टाळता तिशी ओलांडली तरी ‘पोरगा करिअरवाला हाय’ एवढेच घरचे म्हणतात.

हार्वर्डच्या अभ्यासाचा मुख्य विषय आणखी वेगळा होता. साच्यापासून दूर असलेल्या मुलामुलींना घरात आणि बाहेर मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार जास्त भोगावे लागले होते आणि त्याच्या खुणा तरुणपणीही त्यांच्या मनावर होत्या. भीतीचे झटके, झोप न लागणे, त्या आठवणी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे. मारणाऱ्यांनी ती मुले समलिंगी आहेत का हे तपासून मारले नव्हते. मार चालीला आणि आवाजाला पडला होता आणि तो खाणाऱ्यांतले बहुतेक जण भिन्नलिंगीच होते. ‘आपला मुलगा तसला नाही’ म्हणून निर्धास्त असलेल्या पालकांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

मराठवाड्यातले जुने कायदे, जुने खेळ

ज्यांना हे सगळे पाश्चात्त्य खूळ वाटते त्यांनी नरसीपासून सुरुवात करायला हरकत नाही. हिंगोली तालुक्यातले हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. ज्या वारकरी परंपरेचे नामदेव एक आधारस्तंभ, तिच्यात कमरेवर हात ठेवलेला देव ‘माउली’ आहे, ‘विठाई’ आहे. संत पुरुष असूनही स्वतःला त्या आईचे लेकरू म्हणवतात, गवळणीत गोपी होऊन बोलतात, विराणीत विरहिणी होऊन झुरतात. एकनाथांच्या भारुडात बाईची पात्रे आहेत आणि आजही डोक्यावर पदर घेऊन ती रंगवणाऱ्या भारुडकाराला गाव टाळ्या देते. ही आध्यात्मिक भूमिका आहे. तिचा संतांच्या खासगी आयुष्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र पुरुषाने बाईचा आवाज घेणे या मातीला नवे नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

रंगभूमीवर तर हे राजमान्यच होते. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांच्या नायिकांचे नेसणे आणि केशरचना पाहून घरंदाज बायका तशी फॅशन करत. ‘संत तुकाराम’ (१९३६) चित्रपटात तुकोबा साकारणारे विष्णुपंत पागनीस आधी रंगमंचावर स्त्रीभूमिका करत असत, हे अनेकांना ठाऊक नसते.

पण नाटकातल्या नायिकेला जे मिळाले ते तमाशातल्या ‘नाच्या’ला मिळाले नाही. मराठी चित्रपटांत नाच्याच्या भूमिकेचा शिक्का बसलेले कोल्हापूरचे गणपत पाटील हे संसारी गृहस्थ होते, मुलाबाळांचे वडील होते. पडद्यावरच्या त्या लचकेने त्यांना नाव दिले आणि त्याच लचकेमुळे त्यांच्या पुरुष असण्याबद्दल लोकांनी आयुष्यभर कुजबुज केली. २००८ मध्ये ते गेले. दोन वर्षांनी आलेल्या ‘नटरंग’ चित्रपटाने, आनंद यादव यांच्या कादंबरीच्या आधाराने, असाच एक नाच्या प्रेक्षकांपुढे उभा केला: मूळचा पैलवान गडी, बायकापोरे असलेला, कलेसाठी नाच्या झालेला आणि त्यापायी अपमान सोसणारा. ‘जोगवा’तल्या तायप्पाची गोष्ट त्याहून अवघड. देवाला सोडलेला म्हणून त्याच्या अंगावर साडी येते, मनाने तो पुरुष असतो आणि प्रेम करतो ते एका मुलीवर. चार खात्यांचा धडा याहून सोप्या भाषेत कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

पोतराजाबद्दलही इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या घागऱ्याला गाव मान देते हे खरे, पण तो घागरा त्याने निवडलेला नसतो. नवसाने मरीआईला वाहिलेली दलित घरांतली मुले पोतराज होत आली. आंबेडकरी चळवळीने ही प्रथा सोडण्याचा आग्रह धरला तो त्यामुळेच. लादलेला घागरा आणि हिसकावून घेतलेला घागरा, दोन्हींत माणसाची इच्छा कुणी विचारत नाही.

हिसकावून घेण्याचे काम तर एकेकाळी कायद्यानेच केले. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याचा एक भाग हिजड्यांची नोंदवही ठेवण्याबद्दल होता. हिंगोली तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. तिथेही फसली सन १३२९ मध्ये, म्हणजे १९१९ च्या सुमारास, त्याच धर्तीचा कायदा आला. नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी बायकी कपड्यांत वा दागिन्यांत दिसली, नाचली, गायली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. चोरी केली पाहिजे असे नाही, कुणाला त्रास दिला पाहिजे असेही नाही. लुगडे नेसणे पुरे होते. मराठवाडा १९४८ मध्ये निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, पुढे महाराष्ट्रात आला. तिकडे तेलंगणात मात्र तो कायदा कागदावर जिवंत राहिला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला तो जुलै २०२३ मध्ये.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात उलटी दिशा धरली होती. आपला लिंगभाव पोशाखातून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करणे हा घटनेच्या एकोणिसाव्या कलमातल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. चालण्याची ढब हाही बोलण्याचाच प्रकार आहे, असे न्यायालयाने मानले म्हणा ना.

एकच ओळख, अनेक रूपे

अकोला-पूर्णा मार्गावरच्या रेल्वेत बसणाऱ्या माणसाला तृतीयपंथी म्हटले की टाळी आठवते. भडक साडी, लिपस्टिक, कणखर आवाज. हे रूप खरे आहे, पण त्याचा बराचसा भाग हा व्यवसायाचा आणि घराण्याचा गणवेश आहे. गुरू-चेल्यांच्या परंपरेत शिरलेली व्यक्ती ती टाळी शिकते, तसे बोलायला शिकते. बाहेरच्या माराला तोंड द्यायला तो कणखरपणा कामाचा असतो. त्या परंपरेबाहेर राहणाऱ्या पारलिंगी स्त्रिया सुती सलवार-कमीज घालून कार्यालयात बसलेल्या असतात, त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ लिंगाची नोंद ४०,८९१ जणांची झाली. त्यांतले किती रेल्वेत भेटतात, याचा विचार करून पाहावा.

पारलिंगी पुरुष, म्हणजे मुलगी म्हणून नोंदले गेलेले पण स्वतःला पुरुष मानणारे, तर खेड्यात जवळजवळ अदृश्य असतात. त्यांच्यासाठी ना घराणे, ना जुने नाव. मराठवाड्याने अशा धाटणीचे एक नाव ऐकले ते बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांचे. ललिता या नावाने ते पोलीस दलात होते. वैद्यकीय तपासणीत त्यांच्या शरीरात वाय गुणसूत्र असल्याचे दिसले. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, अखेर परवानगी मिळाली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. २०२० मध्ये त्यांचे लग्न झाले, पुढे ते वडील झाले. त्यांची गोष्ट शरीराच्या खात्यातून सुरू होते. गुणसूत्रांत काहीही वेगळे नसलेल्या पारलिंगी व्यक्तींची गोष्ट ओळखीच्या खात्यातून सुरू होते. बातम्यांत मात्र दोन्हींना ‘लिंगबदल’ हा एकच मथळा मिळतो.

समलिंगी पुरुषांत कुणी नाजूक असतो, कुणी पिळदार शरीराचा पैलवान असतो. समलिंगी स्त्रियांतही शर्ट-पँटवाली असते तशी टिकली-पैठणीवाली असते आणि त्या दुसरीवर कुणाचाच विश्वास बसत नाही, कारण ती ‘तशी दिसत नाही’. उभयलिंगी व्यक्तीचे तर लग्न झाले की तिची ओढही मिटली, असे लोक धरून चालतात. पारलिंगी स्त्रीने साडी-बांगड्या केल्याच पाहिजेत असेही नाही. पण जीन्स घातली तर ‘मग बाई कशाला झाली’ हा टोमणा तिला ऐकावा लागतो, जो तिच्या शेजारी जीन्स घालून उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईला कधीच ऐकावा लागत नाही. स्वतःचे बाईपण सिद्ध करण्यासाठी तिला इतरांपेक्षा जास्त बाई व्हावे लागते. पुष्कळ जणी सांगतात की ओळख पक्की स्वीकारली गेल्यावर नटणे कमी झाले.

आणि एकच माणूस दिवसभरात बदलतो ते वेगळेच. गावाकडे येताना पुण्यातली नोकरी करणारा तरुण बस हिंगोलीजवळ आली की कानातली बाळी काढून खिशात टाकतो, आवाज जड करतो. हा काही ढोंगीपणा नव्हे. सतत अशी काटछाट करत राहण्याचा ताण शरीर धरून ठेवते. सतत दबा धरून जगणाऱ्या गटांत नैराश्य आणि चिंता का जास्त आढळते, याचे उत्तर संशोधक या पहाऱ्यात आणि रोजच्या अपमानांत शोधतात. आजार त्या माणसाच्या चालीत नसतो.

उपचार कशावर?

वैद्यकशास्त्रानेही हे मान्य करायला वेळ लावला. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. पारलिंगी असणे मानसिक विकारांच्या प्रकरणातून हलवणारी आजारांची अकरावी वर्गवारी २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. या यादीत अजून एक बारकावा आहे, तो पालकांच्या उपयोगाचा. मुलाचे साच्याबाहेरचे वागणे आणि आवडीनिवडी एवढ्यावरून कोणतेही निदान करता येत नाही, असे तिच्यात लिहिले आहे.

तरीही मुलाला ‘सरळ’ करून देतो म्हणणारे भेटतात. कुणी गंडे बांधतो, कुणी इंजेक्शने देतो, कुणी ‘लग्न लावा, आपोआप जाईल’ असा सल्ला देतो. या तिसऱ्या उपायाची किंमत दुसऱ्याच घरची एक मुलगी मोजते. पुरुष संप्रेरकांच्या इंजेक्शनने ओढ बदलत नाही की ओळखही बदलत नाही. फार तर दाढी दाट होते, तारुण्यपिटिका येतात आणि वाढीच्या वयात हाडांची लांबी वेळेआधी थांबून उंची खुंटू शकते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या ‘बदल’ उपचारांविरुद्ध आदेश दिल्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार म्हणजे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. म्हणजे असे उपचार करणाऱ्या डॉक्टरविरुद्ध तक्रार करता येते.

डॉक्टरकडे जायचेच नाही असा याचा अर्थ नाही. मुलाची चाल हे कारण नसले तरी शाळेत जायला नको म्हणणे, वारंवार पोट दुखणे, एकटे बसणे, जेवण तुटणे, हातावर ओरखडे दिसणे ही जाण्याची कारणे आहेत. स्वतःच्या शरीराबद्दल तीव्र घृणा, मासिक पाळी सुरू होताच किंवा मिसरूड फुटताच कोसळून जाणे, हेही. वयात येण्याची लक्षणे वेळेत दिसली नाहीत, मुलीला सोळा वर्षांपर्यंत पाळी आली नाही, जन्मतः जननेंद्रियांत वेगळेपण होते, तर संप्रेरकांची आणि गुणसूत्रांची तपासणी करावी. आंतरलिंगी स्थिती अनेकदा तेव्हाच लक्षात येते. अशा वेळी मुलाला विचारायचा पहिला प्रश्न ‘तू असा का वागतोस’ हा नसावा. शाळेत कोण काय म्हणते, याने सुरुवात केली तर मूल बोलते.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागात समुपदेशन मिळते, किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक आहेत. रुग्णालयापर्यंत जाणे जमत नसेल तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. घरातच मारहाण होत असेल तर अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ आहे. फोन करताना नाव सांगावेच लागते असे नाही.